विटांची नकली भिंत: फोम शीट, स्टेन्सिल की पुट्टी-टेप?

तालुक्याच्या हार्डवेअर दुकानात विटांसारखी भिंत करायला आज तीन प्रकारचं सामान मिळतं. एक, मागे चिकट गोंद असलेली फोमची थ्री-डी शीट. दुसरं, प्लास्टिकचं स्टेन्सिल. आणि तिसरं म्हणजे रंगाऱ्याच्या पोतडीतलं नेहमीचंच सामान: वॉल पुट्टी, कागदी मास्किंग टेप आणि ऑक्साइडच्या पुड्या. या तिन्हींची पारख आम्ही विदर्भातल्या खेड्यातलं घर डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तापणारी भिंत, पावसाळ्यात खालून चढणारी ओल, काळ्या मातीत घातलेला पाया आणि दर दिवाळीला एकावर एक चढलेला चुना, हे सगळं त्यात धरलं आहे.

निकाल आधीच सांगतो. प्लास्टर पक्कं आणि कोरडं असेल तर पुट्टी-टेपच करा. भिंत मातीची असेल तर स्टेन्सिल. फोम शीट फक्त भाड्याच्या खोलीसाठी किंवा दुकानाच्या तात्पुरत्या सजावटीसाठी.

हिशेब सगळीकडे एकाच भिंतीचा दिला आहे: दहा फूट लांब, नऊ फूट उंच, म्हणजे ९० चौरस फूट. समोरच्या खोलीतली टीव्हीमागची किंवा दिवाणामागची भिंत साधारण एवढीच असते. चारही भिंती विटांच्या करू नका. लाल रंग उजेड खातो, आणि गावच्या घरात खिडक्या आधीच लहान असतात.

फोम शीट

ही शीट बहुधा ७० × ७७ सेंटीमीटरची येते. एक शीट पावणेसहा चौरस फूट झाकते. आपल्या भिंतीला सोळा लागतात, कापाकापी धरून अठरा घ्याव्या. अर्ध्या दिवसात काम होतं, घरात धूळ होत नाही. तिच्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच.

शीटचा सगळा भार मागच्या गोंदावर असतो. चुन्याच्या किंवा भुकटी सुटणाऱ्या डिस्टेंपरच्या भिंतीवर हा गोंद भिंतीला न धरता वरच्या भुकटीला धरतो, आणि शीट भुकटीसकट खाली येते. ऑइलपेंटच्या गुळगुळीत भिंतीवर ती बरी टिकते. पण पश्चिमेकडची भिंत उन्हाळ्यात तापली की तिथेही गोंद नरम पडतो आणि कोपरे सुटायला लागतात. सुटलेल्या कोपऱ्यामागे झुरळं आणि पाली ठाण मांडतात. ओल असेल तर बुरशी धरते, आणि ती शीट काढेपर्यंत कळतही नाही. शिवाय हा पॉलिथिनचा फोम आहे. ज्योतीजवळ वितळतो आणि पेट घेतो. चूल, गॅस आणि देवघरातला दिवा यांच्या भिंतीला ही शीट लावूच नये.

दिसण्यातही ती मार खाते. प्रत्येक वीट सारख्याच उंचवट्याची, सारख्याच रंगाची, आणि दरजही, म्हणजे दोन विटांमधली फटही, विटेच्याच रंगाची. दोन शीटांच्या सांध्याची उभी रेघ लांबून दिसते. पैशाच्या मानानं हे पटण्यासारखं नाही, कारण तेवढ्यात पुट्टीची भिंत होते आणि ती कितीतरी वर्षं टिकते.

स्टेन्सिल आणि स्पंज

धाब्याच्या घराला, कुडाच्या किंवा मातीच्या भिंतीला सिमेंटची पुट्टी लावू नये. मातीची भिंत ओलीनुसार फुगते आणि आक्रसते. कडक पुट्टी तिच्याबरोबर हलत नाही, मग पापुद्रे सुटतात. अशा भिंतीवर सपाट रंगकामच शोभतं.

दुकानातलं पातळ स्टेन्सिल दोन-चार वेळा धुतलं की कडेनं वळतं आणि खाली रंग शिरतो. त्यापेक्षा जुन्या एक्स-रेच्या फिल्मचं घरीच कापा. १४ × १७ इंची फिल्मवर विटांचे तीन थर नीट बसतात. फिल्म ताठ असते आणि पुसली की स्वच्छ होते. आखणी करून धारदार कटरनं काचेवर ठेवून कापायची.

दुसरा मार्ग गादीच्या फोमचा ठसा. दोन इंच जाड फोम ९ × ३ इंच कापून प्लायवूडच्या तुकड्यावर चिकटवा. नुसता फोम हातात धरला तर बोटांच्या जागी जास्त दाबला जातो आणि ठशाच्या मधोमध रंग उठत नाही.

मातीच्या भिंतीला रंग घरचाच पुरतो. चाळलेला गेरू पाण्यात रात्रभर भिजवायचा, सकाळी वरचं पाणी ओतून खालचा गाळ घ्यायचा आणि त्यात पातळ केलेला फेविकॉल मिसळायचा. फेविकॉल नसेल तर हात लागला की रंग निघतो. खालचा हात चुन्याचा, त्यात मूठभर चाळलेली राख, म्हणजे दरजेचा रंग पांढराफटक दिसत नाही. रंग घट्टच ठेवा. फोम रंगात बुडवून एकदा ताटलीवर दाबायचा आणि मगच भिंतीला लावायचा. ओघळ आला तर तिथे पुन्हा ठसा मारू नका. वाळू द्या आणि वरून चुन्यानं दरज पुन्हा ओढा.

पुट्टी-टेप

पद्धत अशी: भिंतीला आधी दरजेच्या रंगाचा हात, त्यावर दरजेच्या जागी टेप, वरून विटेच्या रंगाची पुट्टी, आणि टेप ओढली की दरज मोकळी होते. विटांची भिंत खरी वाटते ती दरजेमुळे. लाल रंग कुणीही लावतो. दरज सरळ रेषेत, विटेपेक्षा दोन मिलीमीटर आत आणि वाळूसारखी खरबरीत असली की बाकीच्या चुका डोळा माफ करतो. दरज सपाट असली तर रंग कितीही चांगला असो, तो कागद चिकटवल्यासारखाच दिसतो. म्हणून खर्च आणि वेळ इथेच घालावा.

९० चौरस फुटांना लागणारं सामान असं: पांढऱ्या सिमेंटची वॉल पुट्टी २० किलो, पांढरं सिमेंट ३ किलो, साधं सिमेंट १ किलो, बारीक वाळू सहा-सात किलो, लाल ऑक्साइड १ किलो, पिवळं ऑक्साइड अर्धा किलो, काळं ऑक्साइड १५० ग्रॅम, अर्धा इंच रुंदीची मास्किंग टेप वीस मीटरच्या सात गुंडाळ्या, पांढरं ॲक्रिलिक डिस्टेंपर १ किलो, पुट्टीची सहा इंची पट्टी, चुन्याचा कुंचा आणि भांडी घासायचा स्पंज. सगळं मिळून दीड हजाराच्या आसपास जातं, दुकानागणिक शे-दोनशे इकडेतिकडे.

खरेदीत दोन चुका नेहमी होतात. पहिली ऑक्साइडची. दुकानदाराला नुसतं ‘रेड ऑक्साइड द्या’ म्हटलं तर तो लोखंडी ग्रिलला लावायचा तेलाचा प्रायमर हातात देतो. तो भिंतीवर चालत नाही. आपल्याला कोब्याच्या फरशीत घालतात ती कोरडी पूड हवी. ती लोहाच्या ऑक्साइडची असते, त्यामुळे उन्हानं किंवा सिमेंटच्या क्षारानं उडत नाही. स्टेनरच्या, म्हणजे रंगात मिसळायच्या पातळ रंगाच्या, बाटलीतले भडक लाल-पिवळे रंग घेऊ नका, त्यातले बरेच उन्हात फिके पडतात. दुसरी चूक टेपची. एक इंची टेप स्वस्त पडते म्हणून घेतली तर दरज एक इंचाची होते, आणि तशी दरज दगडी बांधकामात दिसते, विटांच्या नाही.

आता भिंत तपासा. टेपचा तुकडा भिंतीवर दाबून झटक्यात ओढा. टेपला पांढरी भुकटी लागली तर चुना किंवा डिस्टेंपर पूर्ण खरवडून प्लास्टरपर्यंत यावं लागेल. हे कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळलं तर पुट्टी चुन्यासकट पत्र्यासारखी सुटते. ऑइलपेंट असेल तर तोही काढायचा. नवं प्लास्टर असेल तर महिनाभर थांबा. तळाला लोणा दिसत असेल, म्हणजे मिठासारखी पांढरी फुली आणि भुगा होणारं प्लास्टर, तर आधी ओलीचा बंदोबस्त करा. कोणतीही पुट्टी लोण्यावर टिकत नाही. बंदोबस्त जमत नसेल तर खालचे दोन फूट सोडून वर विटा करा आणि खाली साधा पट्टा ठेवा.

काळ्या मातीवरच्या घरांना तिरप्या भेगा जातात. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि पाया हलतो. अशी जिवंत भेग पुट्टीनं बुजत नाही, ती पुढच्या उन्हाळ्यात विटांच्या मधून पुन्हा निघेल. केसासारखी बारीक आणि वर्षानुवर्षं तेवढीच राहिलेली भेग मात्र चालते.

खालचा हात, म्हणजे दरजेचा रंग, डिस्टेंपरनं देऊ नका. बरेच जण इथेच फसतात. रंगावर सिमेंटची पुट्टी नीट धरत नाही, वर्षभरात एकेक वीट टकटक वाजायला लागते. त्याऐवजी तीन भाग पांढरं सिमेंट, एक भाग साधं सिमेंट आणि एक भाग मैद्याच्या चाळणीतून चाळलेली वाळू, असं सैलसर कालवा. भिंत पाण्यानं चांगली ओली करून कुंच्यानं दोन हात मारा. कन्हान नदीची वाळू मिळाली तर उत्तम, पण कोणतीही धुतलेली नदीची वाळू चालेल. फक्त जाड खडा त्यात राहू नये, नाहीतर टेप चिकटत नाही. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा, तिसऱ्या दिवशी वाळू द्या. मग कोरड्या फडक्यानं भिंत झटका, म्हणजे सुटे कण पडतील.

आखणी करताना जमीन किंवा स्लॅब सरळ आहे असं धरू नका. पाणी भरलेल्या लेव्हलच्या पाइपनं दोन्ही टोकांना पाण्याची खूण करा आणि तिथून मोजा. भट्टीची वीट नऊ इंच लांब, तीन इंच उंच धरली आणि अर्धा इंच दरज मिळवली तर एक थर साडेतीन इंचांचा होतो. नऊ फुटांत ३१ थर बसवायचे तर प्रत्येक थर साडेतीनला केसभर कमी पडतो, हा फरक डोळ्याला कळत नाही. एका सरळ पट्टीवर सगळ्या थरांच्या खुणा करून घ्या. तीच पट्टी भिंतीच्या दोन्ही टोकांना उभी धरली की मोजण्यातली चूक वाढत जात नाही. दोन खुणांमध्ये दोरा ताणून झटका द्यायचा. दोऱ्याला खडूची भुकटी लावा, नीळ लावू नका. निळीची रेघ दरजेत राहते आणि सिमेंटमधून डोकं वर काढते.

आडव्या टेपा आधी, पूर्ण दहा फुटांच्या. दोन्ही टोकांना दोन-दोन इंच शेपूट दुमडून ठेवा, ओढायला तेच कामी येतं. त्यावर उभे तुकडे साडेतीन इंचांचे, दोन्ही टोकं आडव्या टेपवर थोडी चढलेली. प्रत्येक थरात उभी दरज खालच्या विटेच्या मधोमध आली पाहिजे. दहा फुटांत साडेबारा विटा बसतात, म्हणून कडेला तुकडे येणारच. पण पाव विटेपेक्षा बारीक तुकडा आला तर आखणी सरकवून घ्या. असा बारीक तुकडा गवंडी कधी बसवत नाही, आणि नकली भिंत तिथेच ओळखू येते.

दाराच्या वर आडवे थर तसेच ओढत नेऊ नका. खऱ्या कामात तिथे विटा उभ्या बसवतात किंवा लिंटल, म्हणजे दारावरची आडवी तुळई, दिसते. तुम्हीही दारावर उभ्या विटांचा एक थर द्या. भिंत कोपऱ्यावरून वळत असेल तर एका बाजूला पूर्ण वीट आणि दुसऱ्या बाजूला साडेचार इंचांचं तिचं तोंड, आणि पुढच्या थरात उलट. वीजबोर्डाची प्लेट मेन स्विच बंद करून सैल करा, विटा तिच्या खाली शिरू द्या.

टेप सगळीकडे चमच्याच्या पाठीनं दाबून घ्या. जिथे उठली असेल तिथून पुट्टी आत जाते.

आता मसाला. १ किलो पुट्टीला ४० ग्रॅम लाल, १५ ग्रॅम पिवळं आणि ५ ग्रॅम काळं ऑक्साइड. पुट्टी पांढरी असल्यामुळे नुसतं लाल घातलं तर वीट गुलाबी होते, मिठाईच्या दुकानातल्या बर्फीसारखी. पिवळं तिला मातकट करतं, काळं भडकपणा मारतं. वीस किलो पुट्टी, पाच किलो चाळलेली वाळू आणि या प्रमाणात मोजलेलं ऑक्साइड हे एकदाच, कोरडंच, ताडपत्रीवर फावड्यानं चार-पाच वेळा उलटंपालटं करून मिसळा. थोडं थोडं मिसळलं तर दर घमेल्याचा रंग वेगळा येतो आणि भिंतीवर ठिगळं पडतात. ऑक्साइडची धूळ नाकात जाते, तोंडाला फडकं बांधा.

वाळू घालण्याचं कारण नीट समजून घ्या. वॉल पुट्टी पातळ थरासाठी बनवलेली असते. एका हातात दीड मिलीमीटरपेक्षा जाड दिली तर वाळताना आक्रसते आणि जाळीसारख्या भेगा पडतात. वाळू तिला धरून ठेवते. तरीही दोन मिलीमीटरच्या वर जाऊ नका.

किलोला साधारण ३०० मिलीलिटर पाणी, मग दहा मिनिटं ठेवून पुन्हा घोटा. एका वेळी चार-पाच किलोच कालवा. घट्ट होऊ लागलेल्या पुट्टीत पाणी ओतून सैल केलं तर ती वाळल्यावर भुसभुशीत होते, तो गोळा टाकून द्यावा. भिंतीवर पाण्याचा हलका फवारा मारा, टेप भिजून सुटेल इतका नाही. तीन बाय तीन फुटांचा चौक घ्या, पट्टीनं टेपवरूनच सगळीकडे पुट्टी ओढा. पृष्ठभाग गुळगुळीत करत बसू नका. पट्टीचे ओरखडे, एखादा खळगा राहू द्या. ओल्या पुट्टीवर चुरगळलेली प्लास्टिक पिशवी हलकीच दाबली तर भट्टीच्या विटेचा पोत येतो.

टेप ओढायची वेळ हीच खरी परीक्षा. बोट लावलं तर खूण उठावी पण बोटाला पुट्टी लागू नये, ही ती वेळ. हिवाळ्यात त्याला वीस-तीस मिनिटं लागतात, एप्रिल-मेमध्ये दुपारी आठ-दहा मिनिटांतच गाठते. आडव्या टेपचं शेपूट धरून टेप स्वतःवरच उलटी दुमडत सावकाश ओढा. वर चिकटलेले उभे तुकडे बरोबर निघून येतात. लवकर ओढली तर पुट्टी दरजेत ढासळते. उशीर केला तर कडा टवके होऊन उडतात आणि टेप मध्येच तुटते. ढासळलेली कड ओल्या ब्रशनं लगेच सारखी करता येते. उडालेले टवके मात्र तसेच ठेवा, दोन-चार फुटक्या विटांनी भिंत खरीच दिसते.

उन्हाळ्यात हे काम पहाटे किंवा संध्याकाळी करा. पावसाळ्यात वाळवण रेंगाळते आणि ओल अडकते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला, पण तेव्हा कापूस वेचणीमुळे हाताशी माणूस मिळणं कठीण, त्यामुळे आधीच बोलून ठेवा. कामाचे दिवस तीन, वाळवण धरून दीड आठवडा.

रंगाचा शेवटचा हात

पुट्टी दोन दिवस वाळल्यावर कोरड्या झाडूनं झाडा. आता गावाबाहेरच्या भट्टीवर जाऊन रचलेल्या विटा एकदा नीट बघून या. एकाच भट्टीतली वीट एका रंगाची नसते. आगीजवळची काळपट जांभळी, जास्त भाजून खंगर झालेली. मधली पक्की लाल. कडेची कमी भाजलेली, नारिंगी-पिवळी. कुठे राखेचा पांढरट डाग. हे सगळं भिंतीवर यायला हवं. रामटेकजवळ मनसरला हिडिंबा टेकडीवर वाकाटककाळाचं विटांचं बांधकाम आहे. जुनी, झिजलेली वीट हवी असेल तर तिच्या कडा कशा गोल होतात ते तिथे बघावं.

डिस्टेंपरमध्ये तेच ऑक्साइड घालून तीन वाट्या तयार करा: लाल-काळी, लाल, आणि पिवळी-पांढरी. प्रत्येकीत डिस्टेंपरएवढंच पाणी. ओलसर स्पंज रंगात टेकवून आधी कागदावर झटका, मग विटेवर. दहातल्या सहा विटांना हात लावू नका. दोन-तीन फिक्या, एखादी काळपट. दोन काळपट विटा शेजारी नकोत, आणि नेमक्या अंतरावरही नकोत. अंतर मोजून केलेली भिंत चौकड्याच्या चादरीसारखी दिसते. दरजेत रंग गेला तर लगेच ओल्या फडक्यानं टिपा. पूर्ण भिंत झाल्यावर दहा फूट मागे जाऊन बघा, जवळून सगळं ठीकच वाटतं.

वरून सील करायचं असेल तर पाण्याचा, बिनचमकीचा ॲक्रिलिक सीलर घ्या. वॉर्निश अजिबात नको. ट्यूबलाइट लागली की भिंत चमकते आणि सगळी मेहनत वाया जाते. छपरीतली, म्हणजे पावसाच्या शिंतोड्यात येणारी भिंत असेल तर शेवटच्या हाताला डिस्टेंपर वापरू नका, ते धुऊन जातं. तिथे बाहेरच्या भिंतीचा इमल्शन घ्या.

कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या वीज केंद्रांच्या राखेच्या करड्या विटा आता बऱ्याच बांधकामांत दिसतात. तशी भिंत हवी असेल तर लाल-पिवळं वगळून पुट्टीत साधं सिमेंटच थोडं घाला. कडा सरळ आणि रंग एकसारखा ठेवायचा असल्यामुळे हे काम निम्म्यानं सोपं आहे.

घर अजून बिनप्लास्टरचं असेल आणि विटा भट्टीच्या पक्क्या असतील तर या लेखातलं काहीच करू नका. वायर ब्रशनं विटा घासा, एक भाग सिमेंट आणि तीन भाग वाळूनं दरजा भरून घ्या, चार दिवस पाणी मारा. नकली भिंतीपेक्षा हे स्वस्त पडतं आणि शेवटी नक्कल त्याचीच तर करायची असते.

उरलेला कोरडा मसाला किलोभर तरी घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून वर ठेवा. ओल लागली की त्याच्या गाठी होतात. खिळा ठोकताना किंवा खाट सरकवताना वीट फुटली तर तेवढाच भाग ओला करून याच मसाल्यानं भरता येतो, रंग जुळवत बसावं लागत नाही.